दाक्षूच्या नावावर एक शेळी

३ फेब्रुवारी, सोमवार

वय सहा वर्षं आठ महिने. व्यवसाय — ?

खरंच विचारलंय व्हिसाच्या फॉर्ममध्ये! मी दाक्षूला म्हटलं, "तुझा व्यवसाय काय लिहू गं?" ती म्हणाली, "मॉनिटर." दहापैकी दहा. पण फॉर्ममध्ये तो पर्याय नाही.

कारखान्यानं माझ्या नवऱ्याला, संगमेशला, टॉवेल विणायची नवी यंत्रं शिकायला दोन वर्षांसाठी जर्मनीला पाठवलंय. नऊ महिने झाले. मागच्या मेमध्ये गेला तो, दाक्षूच्या वाढदिवसाच्या बरोबर चार दिवस आधी. हे ती विसरलेली नाही. दर रविवारी फोनवर विचारते, "अप्पा, यंदा अठरा मेला तुझ्याकडेच ना?" तो म्हणतो, "नक्की." नक्की म्हणणारा तो, कागद गोळा करणारी मी!

सुट्टीत दोघींनी जायचं, दीड महिना राहायचं, शाळेच्या आधी परत. एवढंच आहे. त्याला सव्वीस कागद.

"मुलाशी नाते" या रकान्यापाशी पेन अडलं. सावत्र आई. लिहिलं. शब्दच असा आहे की लिहिताना आपणच आपल्याला दुष्ट वाटतो. आजपर्यंतच्या एका तरी गोष्टीत सावत्र आईनं मुलीला जर्मनी दाखवलीय का?

दाक्षू दीड वर्षाची असताना तिची आई गेली. मग बालवाडीत ती माझ्या वर्गात आली, आणि दोन वर्षांनी मी तिच्या घरात आले. तेव्हा मी "मॅडम" होते. अजून आहे. "मॅडम, भूक लागली." "मॅडम, पाठ खाजवा." लग्नाला चौदा महिने झाले. मी कधी बदल म्हटलं नाही. मागून मिळवलेली हाक कशाला हवी?

हवी आहे. इथं लिहायला काय जातंय.

१२ फेब्रुवारी

फोटो. आमच्या सासूबाई बसव्वा रोज आंघोळ झाली की नातीच्या कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढतात. स्टुडिओवाला म्हणाला, "कपाळ पुसून या."

झालं! बसव्वा तिथल्या स्टुलावरून उठल्याच. "कपाळ पूस म्हणतोय? माझ्या नातीचं? यव्वा! जिभेला हाड हाय का न्हाई रे तुझ्या?" तो बिचारा छत्री धरून मागे सरकला. दिव्याची छत्री, पण तेव्हा ढालच.

शेवटी मी म्हटलं, "अत्ते, पुसायचं नाही, धुवायचं." धुण्याला त्यांची हरकत नव्हती! फोटो झाला. लगेच पर्समधून विभूतीची डबी काढून पट्टे परत. स्टुडिओवाल्यालाही लावले.

१५ फेब्रुवारी

फोटो नापास. दात दिसतात म्हणे. दात आहेतच कुठे? पुढचे दोन्ही पडलेत!

२ मार्च

सात रस्ता चौकात व्हिसाची कामं करणारे सिद्धनाथ म्हणून आहेत, त्यांच्याकडे फाईल दिली. भला माणूस. प्रत्येक वाक्याला "टेन्शन घेऊ नका की मॅडम" म्हणतो आणि पुढच्या वाक्यात टेन्शन देतो.

आजचं टेन्शन — दाक्षू परत कशावरून येईल?

"बघा की मॅडम, बाप तिकडं. पोरगी गेली, बापाला बिलगली, परत का येईल? साहेब लोक हेच बघतात. इकडं काहीतरी पाहिजे नावावर. घर, शेत, नोकरी."

"सहा वर्षांच्या मुलीच्या?"

"असेल तर बरं असतंय."

आणि माझं काय, म्हटलं. "तुमचं काय ओ, तुमी शिकलेल्या माणूस! तुमचं होतंय." दहा मिनिटांत माझा फॉर्म भरून टाकला. नोकरी — सोडली (बसव्वांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, घरी कोण बघणार). मालमत्ता — नाही. खाली सही.

रात्री दाक्षूला विचारलं, तुझ्या नावावर काय काय आहे? तिनं वहीत लिहून दिलं. "दप्तर, पाण्याची बाटली, खडूपेटी (पिवळा नाही), अज्जीचं गुडघ्याचं जुनं पट्टं." शुद्धलेखनाला आठ.

४ मार्च

भाजी निवडताना एकदम सुचलं. शेळी!

सांगोल्याकडे माझ्या माहेरी रीत आहे. नातवंड चालायला लागलं की त्याच्या नावावर एक शेळी करायची. ती सांभाळायची आजीनं, अर्धलीनं. म्हणजे पहिलं करडू नातवंडाचं, दुसरं आजीचं. माझ्या भावाच्या चारही पोरांच्या आहेत. माझ्याही नावावर होती, माझ्या आजीनं दिलेली. डी.एड.ला पैसे कमी पडले तेव्हा विकली. दोन दिवस जेवले नव्हते मी.

दाक्षूला अजून माझ्या आईनं शेळी दिलेली नाही. मीही विषय काढला नाही. जावयाच्या पहिल्या बायकोची मुलगी — आईच्या मनात काय आहे, विचारायची हिंमत झाली नाही. आता निदान कागदापुरती मागता येईल.

९ मार्च, रविवार. माहेरी

आईला नीट समजावून सांगितलं. फक्त कागद हवा. शेळी तुझीच, गोठ्यातच राहील, व्हिसा झाला की विषय संपला.

माझी आई — गोजाबाई! — हातातला चारा टाकून माझ्याकडे बघत राहिली.

"शेळी काय खोटी नावावर करायची आसती व्हय गं? मास्तरीण झालीस न् आक्कल घालवलीस. द्याची तर खरी द्याची. म्या लगीन झाल्यापास्नं वाट बघत हाय, ही कवा पोरीला घिऊन यील न् म्हनंल, आये, हिची शेळी कुटं हाय? तू तोंडच उघडंना!"

"मला वाटलं तूच —"

"मला काय वाटायचं? पोर दारात आली, नात झाली."

मी गोठ्याच्या मागे जाऊन दोन मिनिटं उगाच उभी राहिले.

आई दाक्षूला म्हणाली, "जा, निवड तुजी." ती अर्धा तास गोठ्यात. शेवटी एक पांढरी शेळी तिच्या फ्रॉकची नाडी चावत होती, तीच निवडली. नाव चांदी. गाभण आहे. दाक्षूनं गंभीरपणे विचारलं, "आज्जी, मी जर्मनीला गेल्यावर ही रडेल का?"

"लई रडंल. म्हून लौकर यायचं."

१० मार्च

गुरांच्या डॉक्टरांनी चांदीच्या कानात पिवळा बिल्ला मारला. बारा आकडी नंबर. मालकाच्या रकान्यात त्यांनी गोजाबाई लिहायला घेतलं, तर आईनं त्यांचा हातच धरला. "हिचं लिवा. पुरं नाव."

"मालकाचा मोबाईल नंबर?" डॉक्टर म्हणाले. मालक फ्रॉकची उसवलेली नाडी ओढत उभी. "मला मोबाईल हातात देत नाहीत," तिनं तक्रार केली. लेखी दाखला मिळाला, शिक्क्यासह. "सदर शेळी कु. दाक्षायणी यांच्या मालकीची असून गाभण आहे." गाभण कोण, ते वाक्यात जरा स्पष्ट हवं होतं. जाऊ दे!

१३ मार्च

सिद्धनाथांनी दाखला तीनदा वाचला. "मॅडम, आजपर्यंत सातबारा लावला, फ्लॅट लावला. शेळी पहिल्यांदाच." मग म्हणाले, "पण आहे तर आहे की. लावूया."

बसव्वांना कळलं. आधी शेळीबद्दल — "लिंगायताच्या पोरीच्या नावावर शेळी! कापणार न्हाईत ना?" मी म्हटलं, पोरींच्या शेळ्या आमच्यात कापत नाहीत. तर म्हणाल्या, "मग नाव चांदी का ठेवलं? गौरी ठेवायचं!"

३ एप्रिल

परवानगीपत्रं, दाखले, भाषांतरं सगळं आलं. सोमवारी पुण्याला व्हिसा केंद्रात हजर राहायचंय, दाक्षूसकट.

बसव्वांनी तिला समोर बसवून तालीम घेतली. "बाई विचारतील, ह्या कोण? काय म्हणायचं? आई म्हणायचं."

"पण आई फोटोत आहे."

"हौदु गं, ती पण आई. ही पण आई."

"ह्या मॅडम आहेत."

बसव्वा रागावून उठल्या. फोनवरून संगमेशही सुरू झाला. एकदाच म्हण, पुण्यात म्हण, चॉकलेट पाठवतो. मी फोन काढून घेतला. चॉकलेटवर मिळालेली आई मला नको! दाक्षूला म्हटलं, जे खरं वाटतं ते सांग. वर्गातही हेच शिकवलं होतं तुला.

लिहिताना वाटतंय, जरा जास्तच शहाणपणा केला.

७ एप्रिल. पुण्याहून परतीच्या गाडीत, अक्षर हलतंय

खिडकीमागे कोट घातलेली एक मुलगी. कागद भराभर चाळले, शिक्के मारले, मग दाक्षूकडे बघून गोड हसली. "कुणाबरोबर आलीस बाळा? या कोण?"

"आमच्या मॅडम."

शिक्का हवेतच थांबला.

"आणि आई कुठे आहे?"

"फोटोत."

"घरी कुणाला माहितीय तू इथं आलीस?"

"बसव्वाला. पण ती रागावलीय."

बस्स! त्या मुलीनं शेजारच्याला खूण केली, तो आत गेला, आतून एक मोठे साहेब आले. मला बाजूला उभं केलं. मी पोर पळवून नेणारी बाई! घामानं पदर ओला. लग्नाचा दाखला दाखवला, पहिल्या आईचा मृत्यूचा दाखला, संगमेशचं संमतीपत्र, सगळं. साहेब एकेक कागद उलटत होते आणि उलटता उलटता शेळीपाशी आले.

"हे काय?"

मी तोंड उघडायच्या आत दाक्षू टाचा उंचावून खिडकीशी. "ती माझी चांदी आहे. गाभण आहे. पहिलं करडू माझं, दुसरं आज्जीचं. म्हणून मला लवकर यायचंय." आणि कुणी न विचारता तिनं कानातल्या बिल्ल्याचा नंबर म्हणून दाखवला. बाराच्या बारा आकडे! साहेबांनी दाखल्यावर बोट ठेवून पडताळला. एकही चूक नाही.

साहेब हसले. कोटातली मुलगी हसली. म्हणाले, निर्णय काही आमच्या हातात नसतो, आम्ही फक्त कागद पुढं पाठवतो. पण कागद घेतले.

मी हसले नाही. दाक्षू खिडकीशी डोकं टेकून झोपलीय. खरंच बोलली पोर, चूक काहीच नाही. पण लागलं मला. फार लागलं.

१९ एप्रिल

आईचा फोन. चांदी व्याली, दोन करडं! पहिलं पांढरं, दुसरं काळं-पांढरं बांडं. दाक्षूनं अख्ख्या गल्लीत साखर वाटली. आमच्या मुलीची शेळी बाळंत झाली म्हणून बसव्वांनी डिंकाचे लाडू करायला घेतले होते. कसंबसं थांबवलं.

२८ एप्रिल

कुरिअर आलं. दोन पाकिटं.

आधी दाक्षूचं उघडलं. व्हिसा! तोंड मिटलेल्या दुसऱ्या फोटोसकट! बसव्वांनी पासपोर्टला विभूती लावली. दाक्षू घरभर नाचली.

मग माझं. आत एक छापील कागद. नामंजूर. मायदेशी परत येण्याचा इरादा खात्रीलायक वाटत नाही.

सिद्धनाथांना फोन लावला. "थांबा, फॉर्म बघतो," म्हणाले. मग हळूच, "बरोबरच आहे की ओ मॅडम. तुमच्या नावावर इकडं काहीच नाही."

शेळीवालीवर विश्वास बसला, माझ्यावर नाही! इतकी हसले की बसव्वा स्वयंपाकघरातून धावत आल्या. हसता हसता रडायलाच लागले. त्यांनी पाठीवर हात ठेवला.

२९ एप्रिल

संगमेशचा फोन. विमानकंपनीची बाई एकट्या मुलांना हाताला धरून नेते, पैसे भरले की झालं. "दाक्षूला तरी येऊ दे. वाढदिवस आहे." त्याचं चूक नाही. मी हो म्हटलं. अठरा तारखेचं वचन आहे, माझ्यापायी कशाला मोडायचं?

बॅग काढली. तिचे कपडे तिच्या बाजूला, माझे परत कपाटात. दाक्षू पलंगावर बसून बघत होती. "मॅडम, तुमचे का काढले?" सांगितलं. का नाही म्हणाले तेही सांगितलं. जे खरं ते.

जेवली नाही.

३० एप्रिल

सकाळी दाक्षूनं बसव्वांच्या फोनवरून गोजाबाईला फोन लावला. मी दाराआड, हातात कणीक.

"आज्जी, माझ्या वाट्याचं करडू आहे ना, पांढरं, ते आईच्या नावावर कर. कानात बिल्लापण मार. म्हणजे तिला पाठवतील. तोपर्यंत मीपण नाही जात."

तिकडून आई ओरडूनच बोलते, मला स्वच्छ ऐकू आलं. "कुनाच्या आईच्या गं?"

"माझ्या," दाक्षू म्हणाली. "दुसऱ्या कुणाच्या!"