न बसवलेलं हौसिंग

उस्ताद, आज दुपारीच शटर ओढलं. काम नव्हतं असं नाही. मांजरसुंब्याच्या चौकात ट्रक थांबतात तोवर आपल्याला काम कसलं संपतंय! पण हात चालेनात. तुम्ही असता तर ओरडला असता, "काहून बे, लगीन हाय का घरात?" आणि मी मुकाट्यानं शटर वर केलं असतं. तुम्हाला जाऊनही आता बरीच वर्षं झाली. तुम्हाला मराठी वाचता येत नव्हतं. तुम्ही हयात असताना लिहिलं असतं तरी मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि हे काही मला तुमच्या तोंडावर वाचता आलं नसतं.

मी तुमच्याकडे शिकायला आलोच नव्हतो. गिऱ्हाईक म्हणून आलो होतो, तेही भांडायच्या तयारीनं. मिलिटरीच्या लिलावातला, पुढच्या-मागच्या चारी चाकांना जोर असलेला ट्रक तेव्हा मी एका मालकाकडे चालवायचो. मागचं हौसिंग, म्हणजे आख्खा मागचा आस, फुटला म्हणून केजच्या भंगारातून दुसरं उचलून आणलं, तुमच्यापुढे टाकलं आणि बसवा म्हणालो. तुम्ही चहाची बशी खाली ठेवता, पुढच्या आसाचं झाकण उघडता, भंगारातल्याचंही उघडता आणि मला मातीत बसवून आतल्या क्राऊन-पिनियनचे, म्हणजे एकमेकांत अडकणाऱ्या दोन चाकांचे, दाते मोजायला लावता. गिऱ्हाइकानं स्वतःच्या तोंडानं, मोठ्यानं मोजायचं, ही तुमची रीत. म्हणजे मागनं कुणी म्हणायला नको की उस्तादनं फसवलं. मोजलं, तर हिशेब जुळेना. चाकाच्या एका फेऱ्याला पुढचा शाफ्ट जास्त फिरणार, मागचा कमी, आणि दोघांना फिरवणारा गिअरचा डबा मधे एकच. "एक बैल चालतो, दुसरा पळतो," तुम्ही म्हणालात, "मंग मदी काय मोडतंय सांग." मी म्हणालो, मुरमाड रानात चालतंय की असं. "मुरमात चाक घसरतं, म्हनून निभतं. कडक रस्त्यावर कुटं घसरंल? जोडी जुळव, न्हाईतर गाडी उचल." मालकानं वैतागून तो ट्रकच विकला आणि मी तुमच्याकडे राहिलो.

कामाला लागल्यावर दाते मोजताना माझा आकडा दर वेळी वेगळा यायचा. मला वाटायचं, आता शिव्या बसणार. तुम्ही उलट मला एसटीत घातलंत, बीडला नेलंत आणि चष्मा करून दिलात. परत आलो तेव्हा गॅरेजमागच्या स्वयंपाकघरात चाची डाळ वाढत होत्या. "आता तरी माज्या डाळीतली मिरची दिसंल ह्याला," म्हणाल्या, आणि तुम्ही इतके हसलात की ठसका लागला. माझ्या बापानंसुद्धा माझ्या डोळ्यांकडे कधी एवढं पाहिलं नव्हतं.

आता खरं सांगायचं ते सांगतो. ह्या उन्हाळ्यात शिरूर कासारकडच्या एका डोंगरवस्तीला पाणी पोचवणारा टँकर माझ्याकडे आला. तसाच जुना, चारी चाकांना जोर असलेला. साधा टँकर त्या चढाला चढत नाही. मागचे दाते उडालेले. मालकच ड्रायव्हर. त्यानं भंगारातून हौसिंग आणलेलं, आणि केबिनमध्ये वस्तीवरची एक म्हातारी मावशी, काम लवकर व्हावं म्हणून मुद्दाम बरोबर आलेली. मी दोन्ही झाकणं उघडली, मालकाला खाली बसवलं, मोजायला लावलं. हिशेब जुळला नाही.

"मुरमापुरताच पुडचा जोर लावीन, उस्ताद," तो म्हणाला. हो, आता मलाही उस्ताद म्हणतात. "वर गेलं की लिव्हर वडून त्यो काडीन. न्हाई इसरनार."

पण वर लिव्हर काढून चालण्यासारखं नव्हतं. त्या वाटेचं शेवटचं वळण सगळ्यात उभं, आणि नेमकं तिथंच नवीन सिमेंट झालंय. तिथं पुढचा जोर सोडला तर भरली टाकी चढत नाही, आणि ठेवला तर विजोड आस कडक रस्त्यावर एकमेकांना ओढणार. त्या चढावर काही मोडलं, तर टाकी मागं येणार, आणि मागं हंडे घेतलेल्या बायका. मी नाही म्हणालो.

मावशी केबिनमधून खाली उतरली. "ट्रकाचं काय व्हायचं ते हू द्या की, दादा," ती म्हणाली. "आमाला पानी पायजे."

मी जुळणारं हौसिंग शोधायला लागलो. केज पालथं घातलं, बीड झालं, नगरपर्यंत जाऊन आलो. अशा गाड्या आता कोण ठेवतो, त्यांचं भंगारसुद्धा संपलंय. तोवर दुसरा साधा टँकर डोंगराच्या पायथ्याशी पाणी सोडायचा आणि बायका डोक्यावर हंडे घेऊन वर जायच्या. शेवटी हौसिंग मिळालं, जोडी जुळली, ट्रक वर चढलासुद्धा. पण त्याच्या आधीच मावशी त्या वळणावर हंड्यासकट पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं.

काल तिला बघायला गेलो. बाजेवर पडून होती. मला वाटलं, बोलेल, शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं सुनेला माझ्यासाठी चहा टाकायला सांगितला. मग विचारलं, "ते पैलं बसवलं आस्तं, तर मोडलंच आस्तं ना, दादा?"

"मोडलंच असतं, मावशी," मी म्हणालो.

"मंग बरं केलं," ती म्हणाली, आणि डोळे मिटून घेतले.

उस्ताद, मी थकलोय. उद्या कुणी विजोड हौसिंग आणलं तर मी नाहीच म्हणणार, त्यात बदल नाही. हा कागद तुमच्या कबरीवर नेऊन ठेवावा असं लिहायला बसताना वाटलं होतं, पण नेणार नाही. विजोड आसात ताण येतो, एवढं मला पक्कं ठाऊक आहे. पण तुम्ही हयातभर तसं कधी बसवलं नाहीत, आणि तुमच्यामागं मीही नाही. मावशीला मोडलंच असतं म्हणालो खरा, ते मोडलेलं मी कधी पाहिलेलंच नाही.