चाळीस माणसं, सगळी मीच

ताईस धाकटीचा नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला गेला का? नसेल गेला तर डॉक्टरकडे जा म्हणावं, मला कळवून काय उपयोग. मी बरी आहे, म्हणजे अंगाने. मनाचं लिहायला बसले आहे. अक्षर लावून वाच.

मी फौजेच्या खरेदीच्या ऑफिसात फरशी पुसते, तिथे गेल्या महिन्यात एक विक्रेता मशीन घेऊन आला. कॅमेऱ्यातून बघून माणूस आपला की शत्रू ते स्वतःच्या अकलेने ठरवतं. (एवढी अक्कल मला लग्नाआधी असती तर!) ते भरवशाचं आहे का हे बघायला चाळीस साधी माणसं समोरून चालवायची होती. साहेबांना माणसं गोळा करायचा कंटाळा. व्हरांड्यात मी दिसले. "बाई, जरा चालून दाखवा." माझ्या खांद्यावर पुसायचा दांडा होता, तर मशीनने लाल दिवा लावून बोंब ठोकली. दांड्याला बंदूक समजलं मेलं! विक्रेता म्हणाला, शिकतंय अजून. मग दोन दिवस मशीनकडून माझा चेहरा घोटून घेतला. तिसऱ्या दिवशी चाळीस फेऱ्या मी एकटीने मारल्या, कधी स्वेटर घालून, कधी साहेबांची टोपी घालून. चाळीसच्या चाळीस हिरवा दिवा. कागदावर लिहिलं, चाळीस माणसं, एकही चूक नाही. साक्षीदार म्हणून माझी सही मागितली. पायांचे तुकडे पडले होते, घरी जायची घाई, दिली ठोकून.

काल कळलं, तुझा लेक लंबू नळाची कामं करतो त्या छावणीच्या फाटकावर पहिलं मशीन बसणार. (तिथे लाल दिवा लागला की थेट गोळी.) आणि तो दिवसभर खांद्यावर नळाचे पाइप टाकून त्याच फाटकातून ये-जा करतो. ताई गं! सही करताना हात का नाही झडला माझा! आज सकाळी साहेबांच्या टेबलासमोर उभी राहून सगळं बोलून टाकलं. ते आधी चिडले, मग कागद काढून पुन्हा वाचला (त्यावर त्यांचीही सही आहे) आणि म्हणाले, सोमवारी पुन्हा चाचणी घेऊ.

तुझी धाकटी

ता. क. मशीनने कधी न पाहिलेली चाळीस माणसं हवीत, आणि ऑफिसातलं कुणी तयार होत नाही. तुझं सासर मोठं आहे. सोमवारी दहाला सगळ्यांना घेऊन ये. प्रत्येकाच्या खांद्यावर काहीतरी लांब हवं. इथे नुसता दिवा लागतो, सासूबाईंना तसं आधीच सांग.

आणखी एक. मीही चालते म्हटलं, तर साहेब म्हणाले, "तुम्ही नको, बाई. त्याचा फक्त तुमच्यावरच विश्वास आहे."