विहिरीतलं इंजिन

आगाशी,
१७ नोव्हेंबर २०२४

चि. एकनाथ यास सावित्रीताईचे आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस. मी फोन केला की तुझं नेटवर्क नेमकं जातं. कागदाला नेटवर्क लागत नाही, म्हणून लिहायला बसले.

उन्नतीला जाऊन आज सात दिवस झाले. मी रोज बोळिंजला तिच्या आईकडे, आशालताकडे जाते. नऊ वर्षं ही बाई आपल्या वाडीतून सोनचाफा नेते आणि लेक डबा घेऊन मागे असायची. ऑफिसच्या मैत्रिणींबरोबर समुद्राखाली जायचंय असं ती म्हणाली, तेव्हा मीच मोठ्या तोऱ्यात सांगितलं की माझ्या भावाचं स्कूबाचं केंद्र आहे, निर्धास्त जा. आता त्या घरात बसले की आशालता चहा पुढे करते आणि मी कप तसाच खाली ठेवते.

ती एकच घोकत बसते: मुलगी पाण्यात घाबरली, कारण मी तिला लहानपणी कधी पोहायला सोडलं नाही. हे तिच्या डोक्यात कोणी भरवलं? तूच ना रे, फोनवर? चोवीस वर्षांची धडधाकट मुलगी म्हणे घाबरून मेली!

आणि काल तुझा केयूर सांगत होता की तिसऱ्या दिवशी तू सगळं सामान धुतलंस, टाक्यांतली हवा सोडलीस, समुद्राला नारळ दिलास आणि चौथ्या दिवशी गिऱ्हाईकं उतरवलीस. तिच्या दातांत होती ती श्वासाची नळी दुसऱ्या कुणाच्या तोंडात! शी! आपल्याच भावाची अशी शिसारी येईल असं वाटलं नव्हतं मला.

उन्नती कशानं गेली ते कळव. घाबरली, हे मला सांगू नकोस.

वाडीत केळी बरी आहेत. रागावले आहे, पण धाकटा आहेस, माया काही आटत नाही.
तुझी,
ताई

सावरवेळ,
२२ नोव्हेंबर

ती. ताईस एकनाथचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र होतं की कोर्टाचं समन्स? पोस्टमनसमोर उघडलं आणि घाम फुटला! लहानपणी कान धरायचीस, तो अजून सोडलेला नाहीस.

अगं, मला काय दुःख नाही का? माझाही तीन रात्री डोळ्याला डोळा लागलेला नाही. पण पोलिसांनी पंचनामा केला, शवविच्छेदन झालं, बुडून मृत्यू असं लिहिलं गेलं. विषय मिटला. आता चौकशी करून काय मिळणार? चौकशी म्हणजे कुणाला तरी अडकवायचं, एवढंच. त्यानं ती पोरगी परत येणार आहे का?

सामान धुतलं ते श्रद्धेनं धुतलं ग. माणूस गेलं की आपण घरसुद्धा धुतो. आणि निष्काळजी म्हणशील तर दिवाळीआधीच टाक्यांत हवा भरायचं नवं मशीन घेतलं. आवाज फार करतं, पाहुण्यांना त्रास नको म्हणून शेडमागे जनरेटरला चिकटून ठेवलंय. इतकी काळजी या किनाऱ्यावर दुसरं कोण घेतं?

माझा घोर वेगळाच आहे. केयूर तिच्याबरोबर पाण्यात होता. वर आला तो ओकतच. दिवाळीपासून रोज संध्याकाळी त्याचं डोकं धरतं, उन्हात राबतो ना. त्यात आता खूळ घेतलंय. तिच्या पाठीवरची टाकी मी हवा सोडायच्या आधीच उचलून त्यानं पलंगाखाली ठेवलीय, कुणाला हात लावू देत नाही. तुझं ऐकतो तो, तूच समजाव. आणि आशालताबाईंना सांग, कुणाचाही दोष नव्हता.

चुकलंमाकलं पोटात घाल.
तुझा,
एकनाथ

आगाशी,
२६ नोव्हेंबर

एकनाथ,

आशीर्वाद नंतर. तुझं पत्र मी वाडीत, विहिरीच्या कठड्यावर बसून वाचलं, आणि वाचता वाचता नजर खाली विहिरीत गेली.

श्रीरंगकाका आठवतात? तू सहा वर्षांचा होतास, मी बारा. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं म्हणून अण्णांनी डिझेलचं इंजिन विहिरीतल्या टप्प्यावर उतरवलं. काका ते बंद करायला खाली गेले आणि तिथेच राहिले. लोक म्हणाले, विहिरीतल्या बाधेनं ओढलं. काकू म्हणायची, माझंच व्रत मोडलं. अण्णांनी नारळ फोडू दिला नाही. इंजिनाला हात लावू दिला नाही, दोरसुद्धा हलवू दिला नाही. विरारहून मिस्त्री आणला. त्यानं दाखवलं की धूर बाहेर जातच नव्हता, विहिरीत साठत होता आणि त्यानंच माणूस गुंगीत गेला.

मग अण्णा काकूसमोर उभे राहिले आणि म्हणाले की इंजिन मी उतरवलं होतं. मी दाराआडून पाहिलंय. काकू खूप रडली, पण त्या दिवसापासून व्रताचं नाव तिनं काढलं नाही. कुणी अडकलं नाही की फासावर गेलं नाही. आठवड्याभरात आळीतल्या अकरा विहिरींतली इंजिनं वर आली, आणि त्यानंतर आपल्याकडे असं कुणी मेलं नाही. चौकशी ती यासाठी असते, शहाण्या!

आता सांग, तुझ्या जनरेटरचा धूर कुठे जातो? आणि त्याला चिकटलेलं तुझं मशीन हवा कुठली ओढतं? त्या मुलीला तू विहिरीत उतरवलंस, पाठीवर विहीर बांधून. स्वतःच्या पोराला तर रोज उतरवतोस, आणि वर ऊन लागलं म्हणतोस!

किळस येते मला. तुझ्या नारळाची, तुझ्या धुतलेल्या सामानाची, आणि निर्धास्त जा म्हणणाऱ्या माझ्या या तोंडाची.

केयूरला आजच्या आज पाण्याबाहेर काढ आणि डॉक्टरकडे ने. टाकी उघडू नकोस, तशीच पोलिसांच्या हाती दे. यातलं काही करणार नसशील तर मला ताई म्हणू नकोस.

सावित्री

सावरवेळ,
५ डिसेंबर

ती. ताईस सा. न.

ताई म्हणतोय, कारण तू सांगितलंस ते केलंय.

तुझं पत्र आलं त्या दुपारी गिऱ्हाईकं परत पाठवली आणि शेडमागे गेलो. जनरेटर आणि मशीन, दोन्ही चालू केली. वारा भिंतीवर आपटून मागे फिरत होता. मी हवा ओढणाऱ्या तोंडाशी वाकलो आणि वास आला. ताई, तो वास मी पन्नास वर्षांत विसरलो नव्हतो. रोज तिथून जात होतो, तरी मला तो आला नव्हता, किंवा मी येऊ दिला नव्हता.

शेजारच्या केंद्रातून हवा तपासायचं यंत्र आणून नव्यानं भरलेल्या टाकीला लावलं. ते बोंबलायचं थांबेना. डॉक्टर म्हणाले, केयूर आणखी थोडे दिवस उतरला असता तर त्यालाही तसाच उचलून वर आणावा लागला असता. पलंगाखालची टाकी पोलिसांनी सील करून नेली, उन्नतीचं राखून ठेवलेलं रक्तही तपासायला गेलं. जबाबात मी सगळं लिहून दिलंय, धुतलं तेही. केंद्राला कुलूप आहे. पुढे काय होईल ते होवो. या किनाऱ्यावर आणखी दोघांनी मशीनं अशीच आडोशाला ठेवली होती. त्यांच्याकडे स्वतः जाऊन ती हलवून घेतली.

तुझा राग बरोबर होता. मला माझ्या हातांचा वास सहन होत नाही.

रविवारी येतोय. मला बोळिंजला घेऊन चल. मुलगी घाबरली नव्हती आणि पोहायचा इथे काही संबंध नव्हता, हे आशालताबाईंना मला उभं राहून सांगायचंय. मशीन तिथे मी ठेवलं होतं, हेही. त्या हाकलतील, तर हाकलू देत.

तू आत येऊ नकोस. तेव्हासारखी दाराआड थांब, म्हणजे माझे पाय मागे वळणार नाहीत.

तुझ्या मायेला पात्र नसलेला,
एकनाथ