ओ न देण्याचा प्रयोग

आप्पा,

चिडूनच लिहितेय. बी.एड.च्या वर्गासाठी घरी तयारी करताना तुम्ही मोठ्यानं म्हणायचात ते अजून पाठ आहे: शिकणं म्हणजे वर्तनातला बदल, मनात काय चाललंय ते शिक्षकानं बघायचं नसतं. वर्गात शिकवायचं ते शिकवा, पण सुरतेतल्या भेस्तानच्या त्या दोन खोल्यांत मला कशाला धरलंत? बमरोलीच्या लूमवर राबणारे आपले गाववाले बोलायचे ती अहिराणी तुम्हाला माझ्या तोंडून नको होती. ओरडायचा नाहीत, मारायचा नाहीत, आणि त्याचाच केवढा तोरा! ‘माले भूक लागनी’ म्हटलं की तुम्ही बहिरे. ‘मला भूक लागली’ म्हटलं की हसणार, जवळ घेणार, खिशातून लिमलेटची गोळी काढणार. मायलाही ताकीद होती, पोरगी नीट बोलेपर्यंत ओ द्यायची नाही.

सुरतेत प्लेग येऊन गेला त्या हिवाळ्यातला रविवार. लोखंडी कपाटाच्या दारात माझं बोट चेमटलंय. मी किंचाळतेय, ‘आप्पा, मन्हं बोट दुखस!’ आणि तुम्ही पेपर वाचताय. माय लाटणं टाकून उठते. ‘पोर रडी राहिनी, तुम्हले दिसस नही का?’

‘बस खाली. आत्ता गेलीस तर इतक्या महिन्यांची मेहनत पाण्यात.’

ती बसते. नख काळंनिळं होत जातं. शेवटी हुंदके गिळून मी म्हणते, ‘आप्पा, माझं बोट दुखतंय.’ लगेच पेपर खाली. शेजारून बर्फ आणलात, फुंकर घातलीत, गोळी दिलीत. किती मायेनं धरलं होतंत ते बोट! मला सगळ्यात जास्त राग त्या मायेचा येतो.

तुमचा प्रयोग यशस्वी झाला, आप्पा. माय आता अंथरुणाला खिळली आहे आणि दुखण्यात तिला अहिराणीच सुचते. मला सगळं कळतं, पण उत्तर द्यायला तोंड उघडलं की तुमची शुद्ध मराठीच बाहेर पडते. मग ती माझ्याकडे दवाखान्यातल्या बाईकडे बघावं तशी बघते. परवा तिनं मला विचारलं, ‘तू कोनी पोर शे व?’ तुम्ही कधीच गेलात, सुटलात. मी कोणाची पोर म्हणून तिला सांगू ते तुम्ही शिकवलंच नाहीत.

हे पत्र कुठे जाणार नाही, ठाऊक आहे. तरी आधी ते अहिराणीत सुरू केलं होतं. दोन ओळी लिहिल्या आणि फाडलं. वाटलं, अशानं तुम्ही ओ देणारच नाही.