गोपालच्या बदलीवर

१५ जानेवारी १९९६, सोमवार
उत्तरायण आटोपलं. धाकटा भाऊ गोपाल काल पतंग उडवायला गच्चीवर फिरकलासुद्धा नाही. त्याला आवाज ऐकू येतात, त्यासाठी मेंटल ओपीडीच्या गोळ्या चालू आहेत. आता महिनाभर खोकतोय. अंगावरचा शर्ट लोंबायला लागलाय. छातीत दुखतं म्हणतो. हे सगळं मानसिक आहे असं मी त्याला नीट समजावलं. लूमखात्यात, म्हणजे यंत्रमागांवर, मास्टर असल्यामुळे बिघाड कुठे आहे ते मला लांबूनच कळतं.
संकल्प : गोपालवर ओरडायचं नाही. (सकाळी ओरडलो. तेव्हा संकल्प झाला नव्हता.)

१८ जानेवारी
ओपीडीच्या डॉक्टर नूतनबेन रिसर्च करताहेत. म्हणाल्या, मनाचा आजार असलेल्या माणसाला शरीराचंही काही होऊ शकतं, पण कोणी तपासतच नाही, सगळं डोक्यावर ढकलतात. म्हणून सोमवारी रक्त आणि छातीचा फोटो. मला हसू आलं. डोकं वर, छाती खाली, मध्ये एवढी मान. पण शिकलेल्या बाईंना कशाला दुखवा? हो म्हटलं.

२२ जानेवारी, सोमवार
गोपाल सकाळीच तयार. अंघोळ, डोक्याला तेल, धुतलेला शर्ट. मीच त्याला थांबवलं. त्याच्या भल्यासाठीच. रस्ताभर खोकणार. प्लेगला दीडच वर्ष झालंय, आमच्या लिंबायत वस्तीत अजून कोणी खोकलं की माणसं सरकून बसतात. घरमालकीण सुभद्राबाईंच्या कानावर गेलं तर त्या खोली खाली करायला लावतील. शिवाय गोपाल सुईला घाबरतो. (तसं तो कधी म्हणाला नाही. पण घाबरत असणार.)
मग तोडगा सुचला. खात्यात एखादा कारीगर आला नाही की दुसरा त्याच्या नावावर पाळी करतो. बदली. कापड तेच निघतं, शेठही खूश. इथे तर सख्खा भाऊ, रक्त एकच. एक्सरेवाल्याने ‘गोपाल’ पुकारलं, मी उठलो. छाती फुगवून उभा राहिलो. रक्तही मीच दिलं. बायकोला, म्हणजे जयश्रीला, सांगितलं नाही. ती उगाच फाटे फोडते.

२९ जानेवारी
रिपोर्ट फर्स्ट क्लास! फुप्फुसं स्वच्छ, असं नूतनबेन स्वतः म्हणाल्या. इतकी वर्षं लूमची धूळ खाऊन! ऊर भरून आला.
घरी फोटो ट्यूबलाइटसमोर धरून गोपालला दाखवला. बघ, तुझ्या छातीत काही नाही. तो खूप वेळ बघत राहिला. मग म्हणाला, ‘दादा, ही मनी छाती नही.’ ‘माझी नाही’ म्हणे! मी हसलो. जयश्री हसली नाही.

९ फेब्रुवारी, शुक्रवार
नूतनबेननी गोपालला बोलावलं होतं. तोंडाला मफलर गुंडाळून नेलं. रिपोर्ट चांगला असून खोकला का वाढतोय, हे त्यांना कळेना. गोपाल शांतपणे म्हणाला, फोटो मेरा नहीं है, मैं आया ही नहीं था, भाई आया था. पण मास्टर माणूस असा डगमगत नाही. म्हटलं, बेन, हा असंच बोलतो, भास होतात त्याला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि गोळ्यांचा डोस वाढवून दिला.
रिक्षात घरापर्यंत मीच बोलत होतो.
उद्या जाऊन त्यांना खरं सांगायचं. तशी गरज नाही, पण सांगायचं.

१० फेब्रुवारी
दुसरा शनिवार. ओपीडी बंद असेल. चौकशी केली नाही.

१२ फेब्रुवारी
गेलो होतो. रांग फार मोठी. रांगेत विचार केला, आता सांगितलं तर बाईंचा सगळा रिसर्च बिघडेल. आपल्यामुळे एका हुशार बाईचं नुकसान नको. परत आलो. मन हलकं वाटलं.

२१ फेब्रुवारी
नव्या डोसने गोपाल झोपूनच असतो. खोकला कमी झालाय. म्हणजे सुधारणा आहे. जयश्री म्हणते, त्याच्यात खोकायची ताकद उरली नाही. हिला चांगलं काही दिसतच नाही.

३ मार्च
होळी तोंडावर आली. सणासुदीला डॉक्टरला कशाला त्रास? होळी झाली की लगेच सांगायचं. हे पक्कं.

६ मार्च, बुधवार
सकाळी उशीवर रक्त. जयश्रीने मला न विचारता रिक्षा आणली. रिक्षात तिला बदलीचं सांगितलं. ती गोपालचं डोकं मांडीवर धरून बाहेर बघत राहिली.
नूतनबेनना सगळं सांगितलं. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, म्हणजे त्या दिवशी तो खरं बोलत होता? मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, मी रिसर्च कशावर करतेय, आणि मीही त्याचं ऐकलं नाही.
नवीन फोटो काढला. दोन्ही बाजू पांढऱ्या. टीबी.

८ मार्च
दवाखान्यात ठेवून घेतलंय. औषधं सुरू. हल्ली टीबी म्हणजे काहीच नाही, खडखडीत बरी होतात माणसं. बरा झाला की उधन्याला मोकळ्या हवेतली खोली बघायची. धुळीत काम द्यायचं नाही. पुढल्या वर्षी गावाकडे मुलगी बघायची. नूतनबेन म्हणाल्या, फार उशीर झालाय. डॉक्टर लोक आधी घाबरवूनच ठेवतात.

१७ मार्च
गोपाल आज हळू आवाजात बोलला. म्हणाला, ‘आवाज म्हनस, तू बरा व्हशी. तुले काय वाटस, दादा?’ मी म्हटलं, आवाज बरोबर सांगतोय.
तो हसला. म्हणाला, आजपर्यंत तू त्याला खोटंच म्हणत होतास.

१९ मार्च
गोपाल गेला. सकाळी. मी चहा आणायला खाली गेलो होतो.
काही लिहवत नाही. माझा गोपाल गेला.

२ एप्रिल
भेटायला आलेले म्हणतात, सुटला बिचारा, डोकं ठिकाणावर नव्हतं. मी मान हलवतो. सुभद्राबाई दोन वेळ डबा पाठवतात. खोलीबद्दल एक अक्षर काढलं नाही. उलट म्हणाल्या, पोरगं एवढं खोकत होतं, मला आधी का नाही सांगितलं? माझा भाचा छातीच्या दवाखान्यातच कामाला आहे.
जेवण जात नाही.

२० एप्रिल, आखाजी (अक्षय तृतीया)
गेलेल्या माणसासाठी भरतात तशी गोपालच्या नावाची घागर भरली. जयश्रीने वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं, सांजोऱ्यांचा नैवेद्य दाखवला. म्हणाली, तुम्हाला भाऊजींशी काय बोलायचं असेल ते बोला. आणि स्वयंपाकाला गेली.
पुष्कळ बोलायचं ठरवलं होतं. माफी मागायची होती. वाक्यं जुळवून ठेवली होती. समोर बसलो आणि सगळी गेली. तोंडातून एवढंच निघालं, ‘खोकला कसा शे रे आते?’
आणि मी खरंच उत्तराची वाट बघत बसलो.