सुतातून सुटलेल्या पट्ट्या

१२ मार्च
अण्णांच्या पट्ट्या मीच उधळल्या. दुसऱ्या कुणाला बोल लावायची सोय नाही. कसर लागली म्हणून सुतं सोडून गच्चीवर उन्हात घातल्या, खाली अण्णांना पेज भरवायला आले, तेवढ्यात वावटळ. शेजारच्या पत्र्यांवरून, गटारीतून गोळा केल्या. जुन्या चिनी गुरूंच्या ग्रंथातली वचनं, मराठीत उतरवून कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर, एका पट्टीवर एक. तिकडे त्या काळी बांबूच्या पट्ट्यांवर लिहून सुतात ओवत, म्हणून अण्णांनीही ओवल्या. आणि तिकडे नंबर घालत नसत, म्हणून यांनीही घातले नाहीत! माझ्या बापाचं अठरा वर्षांचं काम. क्रम ठाऊक असलेल्या एकट्या माणसाची वाचा दिवाळीत अर्धांगाच्या झटक्याने गेली.

१५ मार्च
अण्णांना सांगितलं. चेहरा तसाच. डावा हात तेवढा चालतो. ठरवलं, मी वाचायचं, ग्रंथातलं असेल तर त्यांनी हात दाबायचा. कारण मध्येमध्ये स्वतःची वाक्यंही घुसडलीत त्यांनी. दोन ढीग. मू. म्हणजे मूळ, अ. म्हणजे अण्णा.

२१ मार्च
नगरहून प्रकाशकांचा फोन. अण्णांचे जुने विद्यार्थी. "ताई, मूळ तेवढं द्या. सरांची भर नको. लोक म्हणतील, हे चिनी ऋषी नेवाशाचे कसे निघाले?" हसले स्वतःच. मुदत एप्रिलअखेर. नाहीतर राहिलंच.
क्रम लावायला त्याच ग्रंथाची दोन इंग्रजी भाषांतरं मागवली. त्यांचा एकमेकांशी मेळ नाही, अण्णांचा दोघांशीही नाही.

२९ मार्च
राळ्याच्या शेताची पट्टी डोळे झाकून अ. मध्ये टाकली होती. राळं आपल्याकडचं, आजी रांधायची. आज वाचलं, तिकडे उत्तरेत तेच मुख्य अन्न. अण्णांना विचारलं. हात दाबला. उचलून मू. मध्ये.
गुरू गेल्यावर शिष्य आपलीही वाक्यं मिसळत, पंडित अजून भांडतात, असं अण्णा सांगायचे. मजेत सांगायचे. मला काही मजा वाटत नाही.

६ एप्रिल
सुतकाच्या पट्ट्या. बाप गेल्यावर मुलाने तीन वर्षं जाडंभरडं नेसायचं, गाणंबजावणं बंद. आपल्याकडे तेराव्याला गोडधोड करून मोकळे. या सगळ्यात मुलगा आहे, शिष्य आहे, राजा आहे. मुलगी एकाही पट्टीवर नाही. मू. ढीग मोठा होतोय. बरं वाटलं, खूप दिवसांनी.

११ एप्रिल
अण्णांना अंघोळ घालायला येतात त्या कमलबाई बोलून गेल्या. "ताई, अण्णा समद्यालाच हात दाबत्यात. मगा मी कांद्याचा भाव सांगितला, तवाबी दाबला की."
मी कॅलेंडरवरच्या तारखा वाचून पाहिल्या. दाबला. औषधाच्या बाटलीवरचं वाचलं. दाबला.
महिना फुकट. दोन्ही ढीग एकत्र कालवले आणि पिशवीत कोंबले. अण्णांवर ओरडले. आजारी माणसावर. लाज वाटते.

१६ एप्रिल
शेजारच्या काकूंनी पत्र्याच्या पन्हाळीत अडकलेली एक पट्टी आणून दिली. अण्णांचं अक्षर, शाई फुटलेली.
"मुलगी परत आली. का आलीस, हे विचारलं नाही. विचारायला हवं होतं."
सासर सोडून कोपरगावहून एक पिशवी घेऊन आले, त्याला एकवीस वर्षं झाली. अण्णा दारात होते. म्हणाले, हातपाय धू, जेवायला वाढलंय. त्या दिवसापासून आजतागायत तो विषय नाही. मला वाटायचं, यांना काही पडलेलीच नाही.
की ही एखाद्या गुरूचीच गोष्ट, आणि मीच उगाच माझ्यावर ओढून घेतेय? इंग्रजीत शोधलं. सापडली नाही. म्हणून काय सिद्ध होतं?

१७ एप्रिल
कमलबाई गेल्यावर अण्णांजवळ बसले. त्यांचा हात हातात घेऊन पट्टी वाचली.
दाबला नाही.
परत वाचली. नाही. हात तसाच, गरम. डोळ्यातून पाणी, पण तो डोळा झटक्यापासून गळतोच.
म्हणजे त्यांचं? की नुसते दमले होते? आता कोण सांगणार.
मग मीच सांगितलं. का परत आले ते, लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीपासून. तिथल्या माडीवरच्या खोलीचं, कडीचं, सासूबाईंना ऐकू जायचं त्याचं. कुणालाच सांगितलेलं नव्हतं. पेज गार झाली तरी बोलत होते.
मध्ये हात दाबला का, ते लक्षातच राहिलं नाही.

१८ एप्रिल
प्रकाशकांचा फोन वाजत होता. घेतला नाही. ढीग तर मोडलेत, तरी ती पट्टी कुठल्या ढिगात घालायची, ठरत नाही.