पिवळी पूड

१४ जाने. ७३, रवि.
दत्तूला घेऊन पुण्याहून परत. मी कॉलेजात केमिस्ट्री शिकवते म्हणून डॉक्टर मला बाजूला घेऊन खुलासेवार बोलले. वृषणाचा कॅन्सर. वृषण हा शब्द इथे लिहितानाही मला लाज वाटली, मग त्याची काय कथा. वर्षभर गाठ होती. दुष्काळी कामावर दगड उचलताना काहीतरी सरकलं असेल, असं समजून लपवत राहिला. आता छातीपर्यंत पोचलाय. 'घरी न्या,' म्हणाले. माझा भाऊ सव्वीस वर्षांचा आहे.
एस्टीत कुणीतरी हातावर तिळगूळ ठेवला, तेव्हा कळलं आज संक्रांत.

१६, मंगळ.
दत्तू आणि त्याची बायको सुमन इथेच, नगरला माझ्याकडे. काष्टीला आईला काही सांगितलेलं नाही. आज मी त्याच्यावर ओरडले, तोंड नव्हतं का तुला? तर म्हणे, 'ताई, तुला ह्ये कसं सांगू?' खरंय. मीही विचारलं नसतं.

२ फेब्रु., शुक्र.
पुण्याच्या लायब्ररीत दिवस गेला. परदेशी अंकांत सापडलं: प्लॅटिनम. विजेच्या प्रयोगासाठी द्रवात प्लॅटिनमच्या पट्ट्या बुडवल्या होत्या, तर त्यातले जंतू लांबच लांब वाढले, पण एकाचे दोन होईनात. करणी विजेची नव्हती, पट्ट्यांतून सुटलेल्या प्लॅटिनमच्या संयुगाची. उंदरांच्या गाठी त्याने विरल्या. आता अमेरिकेत माणसांना टोचून बघताहेत. काहींच्या गाठी लहान झाल्या, पण मूत्रपिंडं बिघडतात. वृषणाचाही उल्लेख आहे. पुन्हा पुन्हा वाचला.
इतकी वर्षं पोरींना शिकवतेय, प्लॅटिनम कशाला दाद देत नाही.

२६ फेब्रु., सोम.
मुंबईच्या इस्पितळाचं उत्तर: हे औषध आमच्याकडे नाही. अमेरिकेला टाकलेल्या पत्राचा पत्ता नाही.
दत्तूने विचारलं, ते करतं काय? म्हटलं, पेशीच्या आत धागा असतो, त्याला हे दोन जागी जाऊन चिकटतं. मग धाग्याची नक्कल होत नाही, पेशी दुणावत नाही. असा त्यांचा अंदाज. 'म्हंजी लगाम घालतंय.' व्हय, म्हटलं. किती दिवसांनी हसला.

१० मार्च, शनि.
प्रयोगशाळेतली प्लॅटिनमची तार विरघळवली. चोरीच ती. आठवडा गेला. आज चिमूटभर पिवळी पूड हाती आली. अमोनियाचे दोन रेणू प्लॅटिनमच्या एकाच अंगाला बसले तर औषध, समोरासमोर बसले तर माती. घटक तेच, वजन तेच. आणि समजा औषधच निघालं, तरी टोचणार कोण, किती?

१२, सोम.
थायोयुरिया घालून तपासलं. पिवळं यायला हवं होतं. पांढऱ्या सुया आल्या. पुन्हा केलं, पांढऱ्याच. म्हणजे समोरासमोर, औषध नव्हे. तार संपली. बाटली कॉलेजात ठेवता येईना, पर्समधून घरी आणली. मी औषध करतेय हे घरी दोघांना माहीत आहे, ते फसलं हे सांगितलं नाही. कुठल्या तोंडाने बोलणार?

१५, गुरु.
खोकल्यात रक्त. आडवा झाला की धाप लागते, भिंतीला टेकून बसतो. आईला बोलावू का विचारलं. 'कशाला? पाडव्याला बरा हून मीच जातू की.'

१९, सोम.
बाटली अर्धी रिकामी. सुमनने सरळ सांगितलं, 'वन्सं, तुमी एवढा जीव काढून क्येली. तुमच्यानं देववंना, म्हून म्या दिली. गव्हाएवढी, मधातनं.' भस्म समजली. तीन दिवस. खरं औषधसुद्धा टोचायचं असतं, आणि हे तर औषधच नाही. लघवी होते का, पाय सुजलेत का, तिला खोदखोदून विचारलं. सगळं नीट आहे म्हणाली. बाटली काढून घेतली. कारण सांगितलं नाही. ती रडली. तिला वाटलं, मी तिच्यावर रागावले.

२०, मंगळ.
दत्तू अर्धी भाकरी जेवला. 'ताई, लई दिसांनी धाप कमी वाटतीय. तुझ्या औषिधाचा गुण हाय.' सुमन माझ्याकडे बघत होती. मी सांगायला तोंड उघडलं आणि विचारलं, अजून भाकरी हवी का?

२१, बुध.
मानेपाशी नवी गाठ. मीच चाचपली. आता आम्हा भावंडांत लाज उरलेली नाही. जायला हवी होती तेव्हा डोंगराएवढी होती.

२३, शुक्र.
चार दिवस 'उद्या देते' म्हणून टाळलं. आज सकाळपासून तीनदा विचारलंय, 'ताई, आजचं औषिद?' नुसता मध चाटवता येईल, त्याला कळायचं नाही. पण जोवर औषध चालू आहे तोवर तो आईला बोलावू देणार नाही, आणि पाडव्यापर्यंत तो टिकेल असं मला वाटत नाही. खरं सांगितलं तर आज संध्याकाळच्या एस्टीने आई येईल, आणि त्याच्याजवळ दुसरं काही राहणार नाही.
सुमनने मधाची वाटी टेबलावर आणून ठेवलीय. तो हाक मारतोय. आले म्हटलंय.